एन्सेम्बल स्टुडिओजच्या माजी मंडळींना खुले पत्र: नवा गेम नको, जुन्याची हकीकत लिहा

प्रति,
‘एज ऑफ एम्पायर्स’ ही कॉम्प्युटर गेमची मालिका करणाऱ्या डॅलसच्या एन्सेम्बल स्टुडिओजमध्ये 2009 पर्यंत काम केलेली सर्व मंडळी: प्रोग्रॅमर, चित्रकार, डिझायनर, संगीतकार, टेस्टर, आणि क्रेडिट्समध्ये ज्यांची नावं झरझर वर सरकून गेली ते सगळे

सप्रेम नमस्कार.

चाहत्यांची पत्रं तुम्हाला नवी नसणार. बरीचशी ‘आमचं बालपण तुम्ही घडवलंत’ म्हणून आभार मानतात, आणि उरलेली ‘पुन्हा एकत्र येऊन एक गेम कराच’ असा लकडा लावतात. आभार मलाही मानायचे आहेत, ते ओघात येतील. गेम मात्र नको. तुमच्या वाटा केव्हाच वेगळ्या झाल्या. त्या काळच्या चमूला पुन्हा एका छताखाली आणून जुनी जादू मागायची, हा मला निव्वळ हट्ट वाटतो. माझी मागणी वेगळी आहे आणि जरा वेळखाऊ आहे. जे केलंत ते कसं केलंत, हे बसून लिहून काढा.

मी कोण, तर तुमच्या स्टुडिओची चाहती. गेमची चाहती असणं सोपं असतं. तो आवडतो, संपतो, दुसरा येतो. स्टुडिओचं वेड लागलं की माणूस जरा अवघड होतो. कुठल्याही गेमचा खोका हातात आला की आधी उलटा करून खालच्या कोपऱ्यातली चिन्हं बघायची, तुमचं नसलं की मनातल्या मनात दोन गुण कापायचे, अशी माझी रीत होती. 2002 मध्ये ‘एज ऑफ मिथॉलॉजी’ आला, तो आवडणार हे मी तो बघण्याआधीच ठरवून टाकलं होतं. देवाची कृपा एका सामन्यात एकदाच वापरता येते, हा त्यातला नियम मला आजही फार सुंदर वाटतो. हातात वीज आहे आणि ती कधी टाकायची या विचारातच सामना हरायचा, असा अनुभव दुसऱ्या कुणी दिला नाही. 2005 च्या ‘एज ऑफ एम्पायर्स 3’वरून मित्रमंडळींत कडाक्याची भांडणं झाली. त्यात मी कुणाच्या बाजूनं होते हे सांगायला नको.

पण तुमच्यावर खरा जीव जडला तो 1999 च्या ‘एज ऑफ किंग्ज’मुळे, म्हणजे ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या दुसऱ्या भागामुळे, आणि तोही त्यातल्या लढायांमुळे नव्हे. सामन्याचं पहिलं मिनिट घ्या. टाउन सेंटर म्हणजे गावाची मुख्य इमारत, तीन गावकरी, एक स्काउट म्हणजे टेहळणी करणारा स्वार, आणि बाकी सगळा काळोख. बोटं आपोआप ‘एच’ आणि मग ‘सी’वर जातात, म्हणजे टाउन सेंटर निवडून नवा गावकरी सांगायचा. गाठीला 200 अन्न आणि गावकरी 50 चा, म्हणजे चौघांची रांग लावता येते, पण घरं बांधल्याशिवाय पुढं सरकता येत नाही. स्काउट गोल फिरवत मेंढ्या शोधायच्या. ज्याच्या नजरेला मेंढी आधी पडली ती त्याची, आणि राखण केली नाही तर शत्रूचा स्काउट येऊन ती पळवतो. एकही तलवार उपसलेली नसते आणि तरी छाती धडधडत असते. या पहिल्या मिनिटावर पोसलेले खेळाडू जगभर आहेत आणि अजूनही त्यात दोन-चार सेकंद कसे वाचतील याचा खल करत असतात.

त्या वयात एक गोष्ट जाणवायची, तिला नाव देता येत नव्हतं. या गेममध्ये आपल्या आधी कुणीतरी खेळून गेलंय, आपल्याला कुठं वैताग येणार हे त्याला ठाऊक आहे, आणि तो वैताग त्यानं काढून टाकलाय. पुढं सगळे भाग एकापुढे एक ठेवून पाहिले तेव्हा कळलं, की तुम्ही हे वर्षागणिक करत होता. 1997 च्या पहिल्या गेममध्ये एका वेळी एकच गावकरी सांगता यायचा, रांग नव्हती. 1998 च्या ‘राइज ऑफ रोम’ या त्याच्या पुरवणी भागात रांग आली. 1999 मध्ये रिकामा बसलेला गावकरी शोधून देणारं बटण आलं, आणि हल्ला होताच सगळ्यांना आत बोलावणारी घंटा आली. 2000 च्या ‘कॉन्करर्स’ या ‘एज ऑफ किंग्ज’च्या पुरवणी भागात गिरणीत शेतांचे पैसे आगाऊ भरून ठेवायची सोय आली, आणि लाकडाचं कोठार बांधून झालं की गावकरी न सांगता झाडं तोडायला लागला. डोकं लागतं तो भाग शाबूत ठेवायचा आणि नुसती बोटं दुखतात तो भाग छाटायचा, हे धोरण मी तुमच्याकडून शिकले. त्यानंतर वापरलेलं प्रत्येक सॉफ्टवेअर मी याच मापानं मोजते आणि बहुतेक नापास करते.

हे घडायचं कसं, याचं निम्मं उत्तर तुमचे डिझायनर ब्रूस शेली यांनी वेळोवेळी सांगितलंय. आधी कागदावर पूर्ण आराखडा काढून मग बांधायचं, असं तुमच्याकडे नव्हतं. लवकरात लवकर खेळता येईल असं काहीतरी उभं करायचं, मग खेळायचं, बदलायचं, पुन्हा खेळायचं. आणि खेळायचं सगळ्यांनी, पदाचा प्रश्न नाही. शेली 1991 च्या ‘सिव्हिलायझेशन’वर सिड मायर यांच्याबरोबर काम करून आलेले, म्हणजे त्यांच्या शब्दाला वजन होतंच. उरलेलं निम्मं उत्तर मात्र कुठंच मिळत नाही. त्या खेळून बघण्यात कोण कशावर अडून बसलं? काय कापलं गेलं, आणि कापल्यावर कुणाचा चेहरा पडला? एखादा नियम तीन वेळा बदलून पुन्हा पहिल्यासारखा केला, असं कधी झालं का?

लिहिलेलं किती टिकतं याचा पुरावा तुमच्यातल्याच दोघांनी दिलाय. पॉल बेटनर आणि मार्क टेरानो यांचा 2001 मधला ‘1500 आर्चर्स ऑन अ 28.8’ हा निबंध. मला तो सापडला तेव्हा मी मोठी झाले होते, थोडंफार प्रोग्रॅमिंग कळायला लागलं होतं, आणि तो मी रहस्यकथा वाचावी तसा वाचला. इतर चाहत्यांसाठी थोडक्यात सांगते, तुम्ही तेवढं चालवून घ्या.

अडचण अशी होती. आठ खेळाडू, 28.8 किलोबिटचे मोडेम, 16 एमबी मेमरीचा 90 मेगाहर्ट्झ पेंटियम, आणि पडद्यावर सैन्याचे लोंढे. प्रत्येक सैनिक कुठं आहे, कुठं तोंड करून उभा आहे, किती घायाळ आहे, हे सगळं तारेवरून धाडायचं ठरवलं, तर फार तर अडीचशे हलत्या युनिटांवर, म्हणजे सैनिक-गावकऱ्यांवर, गाडी अडली असती. म्हणून तुम्ही सैनिक पाठवलेच नाहीत, फक्त हुकूम पाठवले. ‘हे अमुक जण तमुक ठिकाणी जा’ एवढाच निरोप आठही संगणकांवर पोहोचायचा, आणि प्रत्येक संगणक आपापल्या घरी तीच लढाई पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः लढायचा. निरोप सर्वांपर्यंत पोहोचायला सवड मिळावी म्हणून आज दिलेला हुकूम दोन फेऱ्यांनंतर अमलात यायचा, आणि एक फेरी साधारण 200 मिलिसेकंदांची. म्हणजे क्लिक केल्यावर सैनिक लगेच हलत नाही. पण तो हुंकार लगेच देतो, आणि त्या हुंकारावर आम्ही कित्येक वर्षं समाधानानं फसत आलो. उशीर एकसारखा असला की माणूस त्याच्याशी जुळवून घेतो, कधी कमी कधी जास्त झाला की चिडतो, हेही तुम्ही माणसांना खेळवून शोधून काढलंत. आणि सर्वांत मंद यंत्र असेल त्याच्या चालीनं सगळ्यांनी चालायचं. आमच्यात सगळा खेळ अडवणारं ते एक यंत्र कुणाचं, यावरून किती वाद झाले! ते चुकून होत नव्हतं, तुमच्या रचनेतच तसं ठरलेलं होतं, हे त्या वेळी कळलं असतं तर निदान शिव्या योग्य पत्त्यावर गेल्या असत्या.

या सगळ्याला एकच अट होती. आठही संगणकांवरची लढाई तंतोतंत सारखी व्हायला हवी, केसभरही फरक चालणार नाही. आणि इथं ते हरीण येतं. नकाशा तयार होताना एका संगणकावर एक हरीण किंचित वेगळ्या दिशेला तोंड करून उभं राहिलं. मग ते चरत थोडं भलतीकडे गेलं. काही मिनिटांनी त्याच्या मागे लागलेल्या गावकऱ्याची वाट तसूभर बदलली, किंवा त्याचा भाला हुकला आणि तो मांसाशिवाय परतला. तेवढ्या मांसाच्या फरकानं दोन संगणकांवरची दोन जगं वेगळी झाली आणि सामना ‘आउट ऑफ सिंक’ होऊन बंद पडला. मूळ कारण मात्र कितीतरी मिनिटं मागं, कुणी पाहिलंही नव्हतं अशा ठिकाणी. नोंदींचे ढीग उपसत ते हरीण शोधणाऱ्या प्रोग्रॅमरला मी कधी पाहिलेलं नाही, पण माझ्या कल्पनेतला तो माणूस त्या गेममधल्या कुठल्याही राजापेक्षा मोठा आहे.

दोन माणसांनी काही पानं लिहिली. आजही जगभर नेटवर्कवर चालणारे गेम करू पाहणारी मुलं ती पानं वाचतात. गेममध्ये अशी शेकडो हरणं असणार. बाकीची कुठं आहेत?

हा आग्रह आत्ताच का, तेही सांगते. ‘एज ऑफ किंग्ज’मध्ये सामना नोंदवून ठेवायची सोय आहे. त्या फाइलमध्ये लढाई नसते, हुकूम असतात. त्यामुळे तासाभराचा सामना इवल्याशा जागेत मावतो, आणि पुन्हा पाहताना गेम तो सामना नव्यानं लढतो. पण पुढच्या पॅचमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या आवृत्तीत, एखाद्या युनिटची किंमत किंवा वेग बदलला, की जुनी फाइल नव्या आवृत्तीत भलतीकडेच भरकटते. हुकूम तेच असतात, ते समजून घेणारं इंजिन, म्हणजे गेम चालवणारा प्रोग्रॅम, तेच राहिलेलं नसतं. तुमच्या कामाबाबत आमच्या हाती आज अशीच फाइल आहे. कोणत्या वर्षी काय आलं, काय बदललं, हे आम्हाला पाठ आहे. ते तसं का झालं, हे फक्त तुमच्या डोक्यात चालतं.

लहानपणी मला स्टुडिओ म्हणजे एक माणूस वाटायचा. एकच आवड, एकच हात. तसं नसतं हे कळायला मला तुमचं बंद होणं बघावं लागलं. 2001 मध्ये मायक्रोसॉफ्टनं स्टुडिओ विकत घेतला. सप्टेंबर 2008 मध्ये बातमी आली, की ‘हेलो वॉर्स’ पुरा झाला की काम थांबणार. जानेवारी 2009 मध्ये ते थांबलं. गेम दुकानांत आला तेव्हा तो करणारा स्टुडिओ अस्तित्वात नव्हता. मग मी पहिल्यांदा क्रेडिट्स थांबवून नावं वाचली, आणि एकेका नावामागे भलतंच काही निघालं. स्टुडिओचे संस्थापक टोनी गुडमन यांची मूळ कंपनी धंद्यापाण्याचं सॉफ्टवेअर करणारी. सँडी पीटरसन यांनी आधी ‘डूम’ या गेमचे लेव्हल रचलेले. ग्रेग स्ट्रीट समुद्री जीवशास्त्रात डॉक्टरेट करून आलेले. स्टीफन रिप्पी यांच्या सुरावटी मी गुणगुणते, पण त्यांचं नाव माहीत नसताना मी ते कित्येक वर्षं करत होते. असल्या विविध माणसांनी एकाच छापाचे वाटावेत असे गेम केले, ही मला खुद्द गेमइतकीच नवलाची गोष्ट वाटते.

आणि पुढं जे पांगलात, तेही बघण्यासारखं. रोबोट एंटरटेन्मेंट निघाली, बॉनफायर निघाली, दोन्ही तुमच्याच मंडळींच्या नव्या कंपन्या. पॉल बेटनर यांनी भावाबरोबर न्यूटॉय काढली आणि 2009 मध्ये ‘वर्ड्स विथ फ्रेंड्स’ हा शब्दांचा गेम आणला. ज्या माणसानं मिलिसेकंदांचा उशीर लपवण्यासाठी एवढं डोकं आटवलं, त्यानं पुढं गेम असा केला की त्यात समोरच्यानं उद्या उत्तर दिलं तरी काही बिघडत नाही! हे मुद्दाम होतं का योगायोग, या एका विषयावर मी त्यांचं अख्खं प्रकरण वाचेन.

हकीकत लिहाल तेव्हा गोडगोड लिहू नका, एवढी विनंती. ‘एज ऑफ किंग्ज’ वर्षभरात उरकायचा बेत होता आणि तो दोन वर्षं चालला, ‘राइज ऑफ रोम’ मधली पोकळी भरायला आला, हे उघड आहे. सतत लांबणाऱ्या मुदती आणि रात्रंदिवसाचं काम यांची किंमत माणसांनीही मोजली आणि शेवटी स्टुडिओनंही मोजली, असं बेटनर यांनी बंद पडल्यानंतर जाहीरपणे सांगितलंय. ते वाचून मला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. आम्ही चाहते ‘झाला की द्या, घाई नाही’ असं मोठ्या उदारपणे म्हणत असतो, पण ते वाट बघणं कुणाच्या तरी घरच्या संध्याकाळींतून वजा होत असतं. कुणाचं काय गेलं तेही लिहा. मला आवडलेल्या गोष्टी मला ते वाचून नावडत्या होणार नाहीत.

गेम जिवंत आहे, त्याची काळजी नको. ‘फरगॉटन एम्पायर्स’ हा चाहत्यांनी घरबसल्या केलेला मॉड, म्हणजे मूळ गेमचं बदललेलं रूप, 2013 च्या एचडी आवृत्तीत अधिकृत एक्स्पान्शन, म्हणजे पुरवणी भाग, झाला, आणि तीच मंडळी पुढं 2019 च्या ‘डेफिनिटिव्ह एडिशन’मागे उभी राहिली. 2022 मध्ये तर त्यांनी आपलीच ‘इंडियन्स’ ही एक संस्कृती मोडून हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर अशा चार केल्या. चाहत्यांनी तुमच्या डेटा फाइल्स उघडणारे एडिटर लिहिले, कोणत्या युनिटचा कोणावर किती छुपा जादा मार बसतो याचे तक्ते मांडले. ‘ओपनएज’ या प्रकल्पात तर तुमचं जिनी इंजिन मुळापासून नव्यानं लिहायचं काम चालतं. हे सगळं त्यांनी बाहेरून, बंद घड्याळाच्या काचेतून काटे बघत केलंय. तुमच्यातल्या कुणी एका दुपारी बसून ‘तो आकडा असा का आहे, सांगतो’ म्हटलं, तर कुणाची तरी महिन्यांची मेहनत वाचेल.

सोर्स कोडचं, म्हणजे तुम्ही लिहिलेल्या मूळ प्रोग्रॅमचं म्हणाल, तर तो द्यायचा अधिकार तुमचा नाही हे मला कळतं, आणि कुणी करार मोडावा असं मी सुचवत नाही. पण आयडी सॉफ्टवेअरनं ‘डूम’चा कोड 1997 मध्येच खुला केला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं 2020 मध्ये ‘कमांड अँड कॉन्कर’च्या रीमास्टरबरोबर जुन्या गेमच्या कोडचा मोठा भाग खुल्या परवान्याखाली दिला, आणि त्यानं नव्या आवृत्तीचं काही नुकसान झालं नाही. मालकांपाशी हा शब्द टाकायचा तर तो आम्ही टाकण्यापेक्षा तुम्ही टाकलेला बरा. आमच्या अर्जांना केराची टोपली असते. तुमची नावं त्या कोडच्या कॉमेंट्समध्ये असतील.

कुठून सुरुवात करायची असा प्रश्न पडला तर माझ्याकडे प्रश्नांची यादी आहे, त्यातले थोडे देते. मेंढी जो बघेल त्याची, ही कल्पना कुणाची, आणि ती पळवता यावी हे कुणाला सुचलं? घंटा वाजवल्यावर गावकरी आत पळतात आणि पुन्हा वाजवली की आपापल्या कामावर परततात, हे परतणं पहिल्या दिवसापासून होतं की कुणीतरी वैतागून मागून घेतलं? यादृच्छिक नकाशा सगळ्यांना सारखा न्याय देतोय हे कसं तपासलंत, आणि फसलेले नकाशे कसे दिसायचे? ‘एज 3’मध्ये गावकऱ्यांनी ओझं वाहून कोठारात टाकणंच बंद केलंत. चाहत्यांची अर्धी भांडणं त्यावरून झाली. त्या बैठकीत विरोधात कोण होतं? आणि ‘हेलो’च्या जगातला ‘टायटन’ नावाचा जो ऑनलाइन गेम तुम्ही करत होता आणि जो रद्द झाला, त्यात खेळाडूचं पहिलं मिनिट कसं असणार होतं?

पुस्तक व्हावं असा आग्रह नाही. सँडी पीटरसन कॅमेऱ्यासमोर बसून आठवणी सांगतात तसं सांगितलंत तरी चालेल. प्रत्येकानं आपापल्या टेबलापुरतं लिहा. एकाच प्रसंगाच्या दोन हकीकती एकमेकींशी जुळल्या नाहीत तर जुळवत बसू नका, दोन्ही द्या. तारखा आठवत नसतील तर कोणत्या बिल्डच्या, म्हणजे गेमच्या कोणत्या कच्च्या आवृत्तीच्या, आसपास एवढं पुरे. आणि ज्यांनी टेस्टिंग केलं, मॅन्युअल लिहिलं, आवाज दिले, त्यांनी ‘आमचं काय एवढं’ म्हणू नये. गावकऱ्याचा तो पहिला हुंकार कुणाचा, हे मला शेलींच्या मुलाखतीआधी जाणून घ्यायचंय.

कळावे, लोभ आहेच.

आपली,
स्काउट अजून गोल फिरवणारी एक चाहती